तीन ठोके

"आबा, माईक थोडा लांब धरा की. कुल्फी न्हाई ती!"

सगळे हसले. रामकिशननंही हसल्यासारखं केलं आणि माईक हनुवटीखाली नेला. पण बोलायला काही सुचेना. शेवटी नातीनं, राजकन्यानंच, तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"चालेल. आबा मेन मुद्द्यावर बोलतील. तोवर मी हाय."

सहा महिन्यांपूर्वी ही नात घरात पाहुणे आले की दाराआड लपायची. मग दहावीच्या वर्गातून तिचा इतिहासाचा प्रकल्प जिल्ह्यात पहिला आला, आणि तेव्हापासून पोरीच्या तोंडाला जसा कालवाच सुटला होता. आजची फेरीही तिचीच कल्पना. नांदेड शहरातून जाणारा, आता निम्मा बुजलेला जुना कालवा लोकांना पायी हिंडून दाखवायचा. रविवारी सकाळी सातला वीस-बावीस माणसं जमली होती. शाळेतल्या मैत्रिणी, स्थापत्य शिकणारी चार पोरं, पांढरे बूट घातलेले काही निवृत्त लोक. आणि आबा. कालव्यावर एकोणतीस वर्षं चौकीदारी केलेला जिवंत माणूस.

"हा जलसेतू बघा," राजकन्या सांगत होती. "खालून नाला जातो, वरून कालवा. सात कमानी. दगड इथलाच, काळा. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन बायांनी ही खडी फोडली. कमानीच्या मधल्या दगडाकडं बघा, त्याच्यावर कुणीतरी बाईनं छिन्नीनं मोर काढलाय. इंजिनियरच्या नकाशात मोर नव्हता, बरं का!"

लोक वाकून मोराचे फोटो काढू लागले. रामकिशन मात्र पुढे बघत होता. जलसेतूपासून दोनशे पावलांवर एस्केपचं लोखंडी दार होतं. कालवा भरून वाहायला लागला की जादा पाणी नाल्यात सोडायचं दार. फेरीचा शेवटचा थांबा तोच होता.

त्याच्या सदऱ्याच्या खिशात राजकन्यानं छापलेलं पत्रक होतं. त्यात त्याचा फोटो आणि खाली ओळ: 'एकोणतीस वर्षांत एकदाही न चुकलेले तीन ठोके.' पत्रक हातात पडलं त्या दिवशीच तो म्हणाला होता, "बाई, मला नको नेऊ. गुडघे दुखून राहिले." ती म्हणाली, "आबा, तुम्हीच न्हाई तर मी काय दगडं दाखवू?" दोष तिचा नव्हताच. लहानपणी तिला मांडीवर घेऊन या गोष्टी त्यानंच सांगितल्या होत्या. दार उघडण्याआधी चौकीपुढं टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्यानं तीन ठोके द्यायचे. मग खाली नाल्यात धुणं धुणाऱ्या बाया पोरंबाळं, कपडे उचलून वर यायच्या. शेवटची बाई वर आली की चाक फिरवायचं. सगळं खरं होतं. त्यातला एक दिवस तेवढा त्यानं गाळला होता.

त्या दिवशी भर दुपारी खालच्या गावांत अवकाळी पाऊस झाला. शेतकऱ्यांनी आपापल्या शेताकडं जाणाऱ्या चाऱ्यांची दारं बंद केली, आणि नको झालेलं पाणी कालव्यात तुंबलं. बघता बघता ते काठाला लागलं. नेमके त्याच दिवशी मोठे साहेब पाहणीला आले होते, जेवून चौकीतल्या खाटेवर लवंडले होते. रामकिशननं हातोडा उचलला तसा धाकटा साहेब धावत आला. "अरे, आत्ता डोळा लागलाय त्यांचा. ठोके राहू दे. या उन्हात कोण असतंय नाल्यात?"

रामकिशननं हातोडा खाली ठेवला आणि चाक फिरवलं.

नाल्यात एकच बाई होती. केवळाबाई.

चौकशीला आलेल्यानं विचारलं, "ठोके दिले होते?" धाकटा साहेब त्याच्याकडं बघत होता. घरी तीन पोरं होती. रामकिशन म्हणाला, "दिले, साहेब." पुढचं मग लोकांनीच ठरवलं. ठोके पडूनही बाई उठली नाही, म्हणजे तिला उठायचंच नव्हतं. नवऱ्याशी पटत नसेल. जीव दिला.

"आबा, चला की! लोक थांबलेत."

एस्केपपाशी सगळे गोल करून उभे राहिले. कालव्यात पाणी नव्हतंच. तळाला बाभळी उगवल्या होत्या, त्यांच्या काट्यांना पिशव्या लटकल्या होत्या. रुळाचा तुकडा कधीच भंगारात गेला होता. राजकन्यानं सगळ्यांसाठी चहा सांगून ठेवला होता, नाल्यावरच्या टपरीतून. टपरीवाली किटली आणि ग्लासांची जाळी घेऊन पायऱ्या चढून आली. चाळिशीची, अंगानं वाळलेली बाई. ती कोण, हे तिथं फक्त रामकिशनला माहीत होतं. केवळाबाईची तारामती. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती.

"तर मंडळी," राजकन्याचा आवाज चढला, "आमचे आबा इथं उभे राहायचे. अन् एकोणतीस वर्षांत एकदाबी, एकदाबी ठोके दिल्याशिवाय यांनी दार उघडलं न्हाई!"

टाळ्या पडल्या. तारामती चहा ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव पोरी. खरं हाय. ठोक्यात कसूर नव्हती. चौकशीतबी तसंच आलं. आमच्या मायलाच वर यायचं नव्हतं, त्याला दुसऱ्यानं काय करावं?"

कुणाला नीट कळलं नाही. एकानं बिस्किटं आहेत का विचारलं.

रामकिशन गप्प बसला तर अजूनही सगळं निभत होतं. नात समोर होती, तिचा चेहरा उजळला होता.

"तारामती," तो म्हणाला. आपलं नाव या म्हाताऱ्याला कसं ठाऊक म्हणून तिनं वर बघितलं. "ठोके दिले नव्हते मी."

"कवा?"

"त्या दिवशी. साहेब झोपले होते. त्यांची झोपमोड नको म्हणून ठोके दिले न्हाईत अन् दार उघडलं. चौकशीत खोटं बोललो. तुझ्या मायनं जीव दिला न्हाई, बाई. तिला कळलंच न्हाई काही. नंतर मी खाली उतरलो तर वरच्या दगडावर तुझा फ्रॉक वाळत घातलेला होता. बाह्या नीट ताणून."

राजकन्याच्या हातातला माईक चालू होता. त्यातून नुसती खरखर येत होती.

तारामतीनं किटली खाली ठेवली. आता ही ओरडेल, शिव्या देईल, असं रामकिशनला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"आमच्या आप्पांनी तिचा फोटोबी ठिवला न्हाई घरात," ती म्हणाली. "मला सोयरीक आली की लोक सांगायचे, हिची माय तसली. दोनदा मोडली. मी चिडले की आप्पा म्हणायचे, मायवर गेलीस. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांना तरी सांगायचं होतं की हो."

"हाव," रामकिशन म्हणाला.

"आबा..." राजकन्या पुटपुटली. तिनं माईकचं बटण शोधून तो बंद केला. पांढऱ्या बुटांतले दोघे घड्याळात बघत कडेकडेनं निघून गेले.

तारामतीनं रिकामे ग्लास जाळीत भरले. एक एक, सावकाश. मग रामकिशनपुढं येऊन उभी राहिली.

"तिथ कोणती होती?"

"काय?"

"माय गेली ती तिथ. आमच्यात कुणी पाळलीच न्हाई, मला ठाऊक कुठून असणार? तुम्हाला ठाऊक हाय का?"

"चैत्र वद्य सप्तमी," रामकिशन म्हणाला. त्याला आठवावं लागलं नाही.

ती मान हलवून वळली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात जाळी. पायऱ्या उतरताना तिचे ओठ हलत होते, पाठांतर करणाऱ्या पोरीसारखे. चैत्र. वद्य. सप्तमी. खालच्या पायरीवर पोचल्यावर ती थबकली आणि तिनं वर बघितलं.

"वद्यच म्हणलात ना?"

"हाव," रामकिशननं वरून सांगितलं. "वद्य."