पुसलेल्या चार ओळी

लेखन शिकवणाऱ्या आम्हा बारा जणांना कॉलेजने कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं. प्रशिक्षक माझ्या धाकट्या दिराहूनही लहान, पण भलताच गोडबोल्या. म्हणाला, "दहा मिनिटं न थांबता, मनात येईल ते लिहा. नंतर हवं तर पुसून टाका."

हा तर माझाच धडा! वीस वर्षं मुलांना हेच सांगत आले. बोटांना टायपिंगची सवय, त्यामुळे न बघताच धडाधड लिहून मोकळी झाले: 'नजरेच्या मधोमध डाग आहे. रोज वाढतोय. गेल्या सत्राचे निबंध नवऱ्याने वाचून दाखवले, मी नुसते गुण सांगितले. सोमवारी करार संपतो, कुणाला कळलं तर नोकरी गेली.' मग सगळं पुसलं आणि त्या जागी बागेवर दोन गुळगुळीत वाक्यं ठेवली. केवढी शहाणी मी!

"आता गंमत बघा," प्रशिक्षक म्हणाला. "इथे पुसलेलं कुठेच जात नाही. मागे जाऊन सगळं वाचता येतं. एकेकाचं भिंतीवर दाखवतो."

मागच्याच रांगेत विभागप्रमुख बसल्या होत्या, करारावर सही त्यांचीच. लॅपटॉपला नाक टेकवून मी ते कायमचं घालवायचं बटण शोधू लागले. काही सापडेना. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं आणि माझ्या पुसलेल्या ओळी भिंतीवर आल्या.

"बाई, हे खरं आहे?" प्रमुखांचा आवाज.

"छे हो! गोष्टीची सुरुवात आहे ती." मी हसले. "मुलांना नमुना म्हणून."

मागे प्रमुखांची खुर्ची सरकली.

"अस्सं? मग शेवटचं वाक्य जरा भिंतीवरून वाचून दाखवा."

मी भिंतीकडे पाहिलं. कडेने उजेड आणि मधोमध तो मेला डाग. पण वाक्य माझंच होतं, तोंडपाठ. मान ताठ केली, ओळीवरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि स्पष्ट म्हटलं, "सोमवारी करार संपतो, कुणाला कळलं तर नोकरी गेली."

शेजारच्या मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला.

"मॅडम," प्रशिक्षक हळूच म्हणाला, "तुम्ही हसलात ना, तेव्हाच तुमचं काढलं मी. बघवेना म्हणून. भिंतीवर आता पलीकडच्या सरांचं आहे."