पितळेचं पाव वर्तुळ

हेमचंद्र पाठारे पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये उपकरणं बनवायचा. एकोणनव्वद साली टोकियोच्या तोकुरा-सान नावाच्या बिल्डरने त्याला बायकोसकट जपानला बोलावून घेतलं.

जमिनीचे भाव तेव्हा आभाळाला भिडले होते आणि सत्तरीच्या तोकुरा-साननी एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. चारशे वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या फ्रेडरिक राजाने टायको ब्राहे या ज्योतिर्विदाला एक अख्खं बेट दिलं, वर वेधशाळा बांधून दिली. दुर्बीण निघायच्या आधीची ती उपकरणं तोकुरा-सानना टोकियोजवळच्या उरायासुच्या किनाऱ्यावर जशीच्या तशी उभी करायची होती. "राजा कोण होता हे लोक विसरले," ते म्हणायचे, "पण त्याच्यामुळे आकाश मोजलं गेलं. मला तेवढं पुरे."

ताऱ्यांची उंची मोजायचं, भिंतीवर बसवायचं पितळी पाव वर्तुळ हेमचंद्रच्या वाट्याला आलं. माणसाहून उंच. अंशांच्या आणि कलांच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांच्या, खुणा हाताने कोरायच्या, एका अंशाला दोन आठवडे. तोकुरा-सान येत, स्टूल ओढून बसत आणि तासभर नुसते बघत राहत.

मग भाव कोसळले. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये तोकुरा-सानना अर्धांगाचा झटका आला आणि कारभार मुलाकडे गेला. मुलगा एकदाच वर्कशॉपमध्ये आला.

"हे खरोखरचं जुनं आहे?"

"नाही."

"पूर्ण झालंय?"

"एकाहत्तर अंश झालेत."

"मग हे आहे तरी काय, पाठारे-सान?" त्याने अगदी नम्रपणे विचारलं. महिनाअखेर सगळं भंगारात जाईल, असं त्याने जाताना सांगितलं.

हेमचंद्रने तीन संग्रहालयांना फोन केले. अर्धवट प्रतिकृती कोणालाच नको होती. शेवटी तो हॉस्पिटलमध्ये गेला. तोकुरा-साननी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि अडखळत विचारलं, "किती झालं?"

मुलाला थांबवा, हे सांगायला तो एवढा आला होता, आणि सांगवेना. "नव्वद," तो म्हणाला. "भिंतीवर चढवलं परवाच."

म्हातारा डोळे मिटून रडला. हेमचंद्र मान खाली घालून बाहेर पडला. आता मदत मागायला कोणीच उरलं नव्हतं.

भंगारवाल्यांनी गॅसकटर आणला होता. "मी कापतो," हेमचंद्र म्हणाला. त्याने करवत घेतली आणि दोन खुणांच्या मधोमध, एकही खूण न दुखावता, आठ तुकडे केले. ते ट्रकमध्ये नळांच्या आणि बिजागऱ्यांच्या ढिगावर पडले. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली.

आठवड्याने कंपनीकडून नोकरीचा दाखला आला. सुपरमार्केटमध्ये पार्टटाइम काम करता करता त्याची बायको विभा कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, वाचायला शिकली होती. ती ओट्याशी उभी राहून वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"काय लिहिलंय?"

"अंतर्गत सजावट विभाग. मदतनीस."

"चार वर्षं?"

"चार वर्षं." तिने कागद खाली ठेवला. "मी फोन करून बदलून मागते. काय लिहायला सांगू?"

पुण्यातली त्याची जागा केव्हाच भरली गेली होती. व्हिसाचे पाच महिने राहिले होते आणि नवी नोकरी याच दाखल्यावर मिळणार होती. त्याने नीट विचार केला, त्या कामाला मराठीत काय म्हणायचं, इंग्रजीत काय, जपानीत काय.

"राहू दे," तो म्हणाला.