टॉवेलाखालचं विष

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ज्यांना जागा मिळाली होती त्यांचे पाय टबात होते. बुटांच्या दुकानाचा वरचा मजला. खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीपुढे एक पांढरा टब, टबात कोमट पाणी, पाण्यात वायरला लोंबणारं धातूचं वेटोळं आणि सगळ्यावर गुडघ्यापर्यंत ओढलेला जाड टॉवेल. काही वेळाने टॉवेल उचलला की पाणी गढूळ, तांबूस-तपकिरी, वर घाणेरडा फेस. लोक माना पुढे काढून बघत. ज्याचा टब जास्त काळा, त्याची मान जास्त ताठ. घरोघरी नातवाचे फोटो दाखवतात तसे ही मंडळी एकमेकांना आपापल्या टबाचे फोटो दाखवत होती.

आणि ही मंडळी अडाणी नव्हती. पहाटे उठून मैलोगणती पळणारे वकील, बँकवाले, एक पोटाचे डॉक्टर व्हायचं राहून गेलेले औषधविक्रेते, आणि सर्वांत पुढे एक इंजिनिअर, ज्याने भिंतीवरचा रंगांचा तक्ता स्वतः छापून आणला होता. पिवळट म्हणजे मूत्रपिंड, तांबूस म्हणजे यकृत, काळपट म्हणजे जुना राग. राग शरीरात नेमका कुठे साठतो हे त्याने विचारलं नव्हतं. शिकलेला माणूस फसायला बसला की अडाण्यापेक्षा नेटाने फसतो, कारण त्याला तक्ताही काढता येतो.

मधोमध पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये निर्मळसर फिरत होते. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आवाज मात्र असा, की ऐकणाऱ्याला आपण बरेच दिवस आजारी आहोत असं वाटू लागावं. "देह म्हणजे काय? तुंबलेली मोरी. मीठ म्हणजे काय? समुद्राचं मढं. मासा जन्मभर समुद्रात राहतो, पण कधी मीठ मागतो का?" लोकांनी माना डोलावल्या. मासा दुसरंही काही मागत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मीठ पूर्ण बंद करायचं आणि पाणी प्यायचं, असा सरांचा उपदेश होता. तहान लागण्याआधी प्यायचं, तहान भागल्यावर प्यायचं, आणि नकोसं झालं तर तेव्हा नक्की प्यायचं, कारण 'नको' म्हणतं ते आतलं विष.

मागच्या रांगेत ताई बसली होती. शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पण आज ती कुणाला शहाणं करायला आली नव्हती. ती सूड घ्यायला आली होती आणि त्याची तिला तसूभरही लाज वाटत नव्हती.

पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर, गळ्यात हार घालून तिचा धाकटा भाऊ बसला होता. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळून संध्याकाळी मोकळ्यावर पळायला सुटायचा. पळणं एवढंच त्याचं स्वतःचं होतं, आणि निर्मळसरांनी नेमकं तेच धरलं. मागच्या शर्यतीत त्याने वाटेतल्या प्रत्येक टेबलाशी थांबून सरांच्या आज्ञेप्रमाणे पाणी ढोसलं. बोटं सुजली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला. शेवटी शेवटी तो ओकत होता, बरळत होता, आणि अंतिम रेषेच्या अलीकडे कोसळून त्याला फिट आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बाकावर बसवून सांगितलं होतं. इतकं पळूनही त्याचं वजन वाढलं होतं. पोटात नुसतं पाणी, त्यात आधीपासून मीठ तोडलेलं. रक्तातला क्षार पातळ झाला आणि मेंदूला सूज आली. "थोडा उशीर झाला असता, तर मी तुमच्याशी असं बोलत नसते," त्या म्हणाल्या. ताई त्याच बाकावर असताना तिच्या फोनवर पळणाऱ्यांच्या ग्रुपचा व्हिडिओ आला. धाकटा जमिनीवर झटके देत होता, मागे बासरी वाजत होती, आणि खाली सरांनी लिहिलं होतं, 'शेवटचं विष बाहेर पडताना. लाखात एकाला हे भाग्य.' त्याखाली जोडलेल्या हातांचा पाऊस. ताईने तो व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि त्या माणसाला सोडायचं नाही असं ठरवलं.

खरी पंचाईत पुढेच होती. धाकट्याने घरी येऊन तो व्हिडिओ पाहिला आणि त्याला ते पटलं. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याच्यापुढे हात जोडले होते. या रविवारी त्याहून लांबची शर्यत, आणि पथ्य तेच. ताई भांडली, रडली, डॉक्टरीणबाईंशी त्याला फोनवर बोलायला लावलं. तो सगळ्याला हो म्हणायचा आणि तिने केलेली भाजी नळाखाली धुऊन खायचा. रविवारी तो पळाला तर परत येईल याची खात्री तिला कुणी देऊ शकत नव्हतं.

तिने मनातल्या मनात निर्मळसरांना खुर्चीला बांधून तांब्यामागून तांब्या पाजलाही होता. तिला त्याने फार बरं वाटलं. पण असा माणूस मेला की देव होतो, हे तिला कळत होतं. त्याला जिवंत ठेवून, त्याच्याच माणसांसमोर, त्याच्याच सामानाने उघडा पाडायला हवा होता.

म्हणून ती आधी काही वेळा येऊन गुपचूप बसून गेली होती. प्रत्येक टबात सर रेशमी बटव्यातून चिमूट-चिमूट पांढरे खडे टाकत. त्याला ते चंद्रक्षार म्हणत. मग टॉवेल पसरत, आणि पाय टॉवेलाखालूनच आत सोडायला लावत, कारण विषाला उजेड सोसत नाही. पाण्यातलं वेटोळं हळूहळू झिजून खडबडीत होई. मग सर गहिवरून म्हणत, "हे बिचारं तुमच्यासाठी झिजलं," आणि नवं विकत. नववीच्या वर्गाला दरवर्षी प्रयोग दाखवणाऱ्या बाईला याहून जास्त पुरावा नको होता.

"आज कोण नवीन?" सरांनी विचारलं. ताई उठली. सरांचा चेहरा उजळला. लाडक्या शिष्याची बहीण, तीही संशयी. असं गिऱ्हाईक रोज थोडंच मिळतं. धाकट्याने वळून पाहिलं आणि तो इतका खुलला की तिला क्षणभर आपण करतोय ते चूक वाटलं. ती खुर्चीवर बसली. चपला काढल्या. खडे पडले, टॉवेल पसरला, यंत्र सुरू झालं. तिने डोळे मिटले आणि पाय टॉवेलाखाली सरकवले, टबात नाही, टब आणि खुर्ची यांच्या मधल्या फटीत.

सरांनी काही वेळाने टॉवेलाचा पुढचा कोपरा उचलून आत डोकावलं आणि हळहळले.

"बाप रे. यकृत बघा, यकृत. आणि हा फेस म्हणजे मनात दाबलेला राग."

"किती जुना असेल हो?" ताईने विचारलं.

"लहानपणापासूनचा."

"माझ्याच पायांतून आलाय ना? खात्री आहे?"

"ताई, तुमच्या तळव्यांतून निघताना मला दिसतोय."

मग तिने सरांना आणखी बोलू दिलं. गुडघे, पित्त, झोप, स्वभाव. सर एकेक विष नावानिशी सांगत गेले आणि इंजिनिअर तक्त्यावर बोट ठेवत गेला. सगळं बोलून झाल्यावर तिने टॉवेल ओढून बाजूला टाकला आणि दोन्ही पाय पुढे करून पहिल्या रांगेला तळवे दाखवले. घरून निघताना तिने त्यांना खडूची पूड चोळली होती. पूड जशीच्या तशी, कोरडी, पांढरी होती. टब मात्र तपकिरी झाला होता.

 सर हसले. म्हणाले, विष इतकं प्रबळ होतं की ते हवेतूनच पाण्यात उतरलं. ताई म्हणाली, मग दुसरा टब भरू, आणि सगळे भिंतीपाशी उभे राहू. सर म्हणाले, यंत्राला देह लागतो. ती म्हणाली, माझा कुठे लागला? इंजिनिअर तोवर लालबुंद झाला होता. तो कुणाला न विचारता उठला, नवा टब भरला, वेटोळं सोडलं, यंत्र लावलं. पाणी स्वच्छच राहिलं. मग त्याने बटवा उचलून टबात उपडा केला. वेटोळ्याभोवती बुडबुडे आले, तांबूस धागे सुटले आणि टॉवेलाशिवाय, पायांशिवाय, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी गढूळ होत गेलं.

"हा गंज आहे," ताई म्हणाली. "लोखंड, खारं पाणी आणि वीज. पाय असोत की नसोत, पाणी असंच होणार. तुम्ही इतके दिवस लोखंड कुजवत होता आणि त्याला स्वतःचं यकृत समजत होता."

बटव्याच्या शिवणीत अडकून राहिलेले खडे तिने तळहातावर घेऊन धाकट्यापुढे धरले. "चाख."

त्याने सरांकडे पाहिलं. सर टॉवेलाच्या घड्या घालत होते. धाकट्याने एक खडा जिभेवर ठेवला. कित्येक आठवड्यांत त्याच्या तोंडाला ती चव लागली नव्हती.

"मीठ आहे," तो म्हणाला.

सर ताईजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका."

"तेच करायला आलेय," ती म्हणाली. "सकाळी पोलिसात तक्रार दिलीय. डॉक्टरीणबाईंचा जबाब सोबत जोडलाय. तुम्ही जाल त्या गावात मी येईन." तिला गोड वाटलं, अगदी मनापासून, आणि ते तिने चेहऱ्यावर दिसू दिलं.

मग तिचं लक्ष धाकट्याकडे गेलं. त्याने गळ्यातला हार काढून हातात घेतला होता आणि त्याला तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. जन्मात एकदा मिळालेला मान तिने चार लोकांत काढून घेतला होता. घाव सरांवर घातला तरी तो याच्यातून आरपार गेला होता, आणि त्याची तिने तयारी केली नव्हती. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, तर तो उठून सरांच्या माइकपाशी गेला.

"माझा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय," तो म्हणाला. "त्यात पडायच्या आधी माझे ओठ हलताना दिसतात. लोक म्हणाले, मी जप करतोय. मलाही बरं वाटलं म्हणून मी काही बोललो नाही. पण त्या दिवसाचं मला तेवढंच आठवतं. सर माझ्या तोंडाला बाटली लावत होते, आणि मी 'पाणी नको' म्हणत होतो. त्यांनी वर बासरी लावलीय, म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही."

 वकिलांनी टबातून पाय काढले आणि ते ओल्या पायांनीच उभे राहिले.

"मी रविवारी पळणार नाही," धाकटा म्हणाला. "तुम्ही पळा. तहान लागेल तेवढं प्या, घरचं जेवा, त्यात मीठ असतं ते असू द्या. कुणी काही सांगितलं तर ते का, हे विचारा, आणि उत्तर तपासून बघा. आणि पळताना कुणी पडलं, तर हात जोडू नका. डॉक्टरला बोलवा."