तीन-सात कोण वापरतं?

गंगेचं पाणी रामघाटाच्या अकरा पायऱ्या चढून आलं होतं आणि वैदेहीच्या लॅपटॉपवर नवा प्रोग्राम सोडायचं एकच बटण दाबायचं राहिलं होतं.

तिच्या बाबांनी, यज्ञेश्वर आपट्यांनी, बँकेतून निवृत्त झाल्यावर हा प्रोग्राम लिहिला होता. काठावरची लहानशी पेटी पाण्याची पातळी मोजते आणि पाणी वाढलं की भोंगा वाजवते. प्रोग्राम फुकट, सगळ्यांना खुला. कुठकुठल्या नद्यांवर लोक तो चालवत, याची मोजदाद नव्हती. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. आता तो सांभाळायला ती होती आणि पुण्याचा सुमंत.

"तीन-सात काढून टाक," सुमंत फोनवर म्हणाला. पायथन या संगणकभाषेची ही जुनी आवृत्ती. "तिची दुरुस्ती कधीच बंद झालीय. कुणी आत घुसलं तर खोटे भोंगे वाजवेल. आणि आपण दोघंच आहोत, वैदेही. किती आवृत्त्या सांभाळायच्या?"

"कुणी वापरत असलं तर?"

"महिनाभर साइटवर विचारतोय आपण. एक तरी बोललं?"

कुणी बोललं नव्हतं. बाबांनी लावून वहीत नोंदवलेल्या नऊही पेट्या तिनं स्वतः तपासल्या होत्या. सगळ्या पायथनच्या नव्या आवृत्तीवर होत्या. तरी बोट पुढे होईना. पेट्या रोज पहाटे नवा प्रोग्राम आपणहून उतरवून घेत. तीन-सातवरच्या पेटीला तो चालवता येणार नाही आणि ती गप्प होईल. पेटी गप्प असो की नदी शांत, घरात बसलेल्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

जिन्यात धाप ऐकू आली. खालच्या गल्लीतल्या प्रमोदिनी काकू साडीचा ओला काठ सावरत वर आल्या.

"वैदू, तुझ्या बाबांचा तो डिब्बा सकाळपासून कोकलतोय गं. सामान वर नेलं सगळं, तरी मेला ऐकत नाही. बंद कसा करू?"

"कुठला डिब्बा, काकू?"

"आमच्या मोरीतला. होळीनंतर लावून गेले. म्हणाले, जुनाच आहे, वहिनी, पण बोलतो चांगला."

ही पेटी वहीत नव्हती. "मला का नाही सांगितलंत?"

"सुतकात कुणाच्या दारी डिब्ब्याच्या गोष्टी न्यायच्या असतात का? मग वाटलं, पोर आधीच..."

लॅपटॉप उचलून, फोन चालूच ठेवून ती काकूंच्या मागे खाली गेली. गल्लीत घोटाभर पाणी होतं. मोरीतल्या पेटीला तिनं लॅपटॉप जोडला आणि सुमंतला वाचून दाखवलं: तीन-सात.

"बरं, ती एक पेटी बदल आणि मग बटण दाब," सुमंत म्हणाला.

"ही एक बाबांनी वहीत लिहिली नाही. आणखी किती लिहिल्या नसतील?"



तिनं उभ्या उभ्याच साइटवर लिहिलं: तीन-सात पाणी उतरेपर्यंत राहील. त्यानंतर दारोदार जाऊन विचारू. कुणी आत घुसण्याची भीती तशीच होती. खोट्या भोंग्यानं लोक घराबाहेर पळतील, तिनं स्वतःला सांगितलं. निदान पळतील तरी.

तेवढ्यात भोंगा थांबला.

"उतरलं वाटतं," काकू म्हणाल्या.

पाणी उतरलं की पेटीच गप्प झाली, हे बघायला वैदेही टॉर्च लावून मोरीवर वाकली.