मिस्साच्या दिवशीची गोळी

नंदाखालच्या कॅथरीनला औषधपाण्याचं कुणी शिकवायला गेलं की ती फिस्कारायची, "तीन पोरं वाढवली मी, एक गोळी नाही देता येणार?"

सार्कॉयडोसिस हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही. एवढं मात्र कळलं होतं, की थोरल्या पोराच्या, ऑस्टिनच्या अंगातली रोगाशी लढणारी ताकदच उलटली आणि डोळ्यांमागच्या नसा खाऊ लागली. उजवा डोळा गेलाच. डावा वाचवायचा तर ती ताकद दाबणारी गोळी, आठवड्यातून एकदाच. सून शर्लिन पहाटेच नोकरीला पळायची, म्हणून गोळ्या सासूकडे आल्या.

"कुठल्या दिवशी द्याल?" डॉक्टरांनी विचारलं.

"मिस्साच्या दिवशी." म्हणजे रविवारी, देवळातल्या, चर्चमधल्या प्रार्थनेच्या दिवशी. डॉक्टर हसून हो म्हणाले.

आणि गुण आला हो! बागेतला केळीचा घड ऑस्टिनला ओट्यावरून दिसला, तेव्हा बाई ढसाढसा रडली.

मग सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना लागली. रोज संध्याकाळी मिस्सा! देवळातून आलं की गोळी, हे जिच्या अंगवळणी पडलेलं, ती दुसरं काय करणार? रोज देत राहिली. वर खूश, की प्रार्थनाही वाढली नि औषधही.

"आय, कालच घेतली ना ही?" ऑस्टिनने एकदा विचारलं.

"मिस्साहून आले ना मी? गप गिळ."

सणाआधीच त्याचं तोंड फोडांनी भरलं, ताप चढला. इस्पितळात शर्लिनसमोरच डॉक्टर म्हणाले, "रक्तातल्या पेशी पार घसरल्यात. गोळी आठवड्यालाच घेत होतात ना?"

रोज संध्याकाळची ती गोळी कॅथरीनच्या डोळ्यांपुढे आली. ऑस्टिनने आईकडे पाहिलं नि कसंबसं म्हणाला, "हो, आठवड्यालाच."

"मग हे औषध तुम्हाला सोसत नाही. कायमचं बंद करू. दुसऱ्या कशाने एवढा गुण येईल, सांगता येत नाही."

पोरगाच पांघरूण घालत होता. सुनेसमोर तोंड कशाला उघडायचं, असं कॅथरीनला क्षणभर वाटलं. पण मग त्याचा डोळा?

"खोटं बोलतो तो," ती म्हणाली. "मी रोज दिली. नोव्हेनाभर."

डॉक्टर ताडकन उठले. "बरं झालं बोललात. उतारा लगेच सुरू करतो. रक्त सावरलं तर तीच गोळी पुन्हा देता येईल. तोवर डोळा तग धरतो का, बघायचं."

"कशाला बोललीस, आय?"

"तुला दिसायला पायजे म्हणून, येड्या."

शर्लिनने हात पुढे करून गोळ्यांचं पाकीट मागितलं. सासूकडे तिने पाहिलंही नाही.