पुरणयंत्राच्या तीन जाळ्या

मित्रांनो, होळीच्या दिवशी माळ्यावरून तीन पायांचं एक स्टीलचं भांडं खाली उतरतं. त्याच्या डोक्यावर मूठ असते आणि पोटाखाली भोकांची चकती. शिजलेली डाळ आत घालायची, मूठ फिरवायची, की खालच्या ताटात मऊ पुरण पडतं. त्या दिवशी सगळे त्याचं कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला विसरतात. ते भांडं मी. पुरणयंत्र.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्यात जी जाळी बसवलेली असेल, तसं माझं बोलणं बाहेर पडतं. बारीक जाळी असली की सलग आणि मऊ. जाड जाळी असली की तुकडे. तेवढं सांभाळून घ्या.

बारीक जाळी

नागपूरच्या इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानातून शैलजाच्या आईने मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं, सोबत मिळालेल्या बारीक आणि जाड अशा दोन जाळ्या एका रुमालात बांधल्या, आणि रुखवतात लाडवांच्या शेजारी दिवसभर चकाकत बसून मी नवरीच्या सामानाबरोबर रेल्वेने जबलपूरला आलो, तिथल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका दोन मजली घरात, जिथे शैलजाचा नवरा मुरलीधर फॅक्टरीत फिटर होता आणि जिथे शेजारच्या बायका मला उलटंसुलटं करून विचारायच्या, “सेव बनाने की मशीन है क्या?” आणि शैलजा दर होळीला त्यांना पुरणपोळी खायला घालून उत्तर द्यायची.

मग सुमेध जन्मला, आणि तो चार महिन्यांचा झाला तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं की आता वरचं अन्न सुरू करा, कारण त्या काळचे डॉक्टर तसंच सांगत, म्हणून शैलजा रोज मुगाची डाळ आणि तांदूळ गुरगुट्या शिजवून माझ्या बारीक जाळीतून काढायची, त्यावर तुपाचा थेंब सोडायची आणि बोटाने त्याला भरवायची, आणि तो चाटूनपुसून खाऊन माझ्या फिरणाऱ्या मुठीकडे बघून हसायचा, आणि मला वाटायचं की मी याच कामासाठी जन्मलो, होळी हे निव्वळ निमित्त. पुढे सुमेधला दात आले, घरात मिक्सर आला, आणि मी माळ्यावर गेलो.

जाड जाळी

सुमेध मोठा झाला. त्याचं लग्न झालं. सून प्रणोती, शाळेत गणित शिकवते. गेल्या सप्टेंबरात त्यांना मुलगी झाली. चिन्मयी. घरात चिनू.

मग सल्ले.

शैलजा, आता आजी, म्हणाली, मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. पाचवा धरा.

डॉक्टर म्हणाले, सहा महिने पुरे होऊ द्या. तोवर फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको.

खालच्या मजल्यावरच्या भाभी म्हणाल्या, दाल का पानी दो, बस.

प्रणोतीची आई सागरहून फोनवर म्हणाली, मी तुला सगळं दिलं होतं, तुला काय झालं?

एक मोबाइल म्हणाला, भाजीचा तुकडा हातात द्या, बाळ स्वतः खाईल. दुसरा मोबाइल म्हणाला, चुकूनही देऊ नका.

मुरलीधरने पेपर वर धरला. निवृत्त झाल्यापासून तो पेपर नीट वाचतो.

पहिलं भांडण गणिताने मिटलं. सहा महिने पुरे झाले की सातवा लागतो, आणि सातवा विषमच, असं प्रणोतीने सासूला सांगितलं. शैलजाने बोटांवर मोजलं. “मग इतके दिवस काहून भांडत होतो आपण?” म्हणाली.

उष्टावण झालं. चांदीची वाटी. मामाची अंगठी. खीर, डॉक्टरांच्या धाकाने बिनसाखरेची. मामाने गुपचूप चाखली आणि तोंड वाकडं केलं. चिनूने मिटक्या मारल्या.

मग मे महिना. उकडलेल्या बटाट्याची एक गाठ. चिनूला उबळ आली. चेहरा लाल. डोळ्यांत पाणी. गाठ बाहेर पडली. एवढंच झालं. घर मात्र हादरलं.

तेव्हापासून मिक्सर. सगळं पाण्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, ओकारीची उबळ येणं वेगळं आणि घशात अडकणं वेगळं. आता जाडसर द्या. नाहीतर ती चावायला शिकणार कधी?

शैलजा म्हणाली, त्या दिवशी ती डॉक्टरांच्या मांडीवर नव्हती.

आणि चिनूने तोंड मिटलं. चमचा दिसला की मान तिकडे. बाटली तिने कधीच घेतली नव्हती. आईच्या अंगावरचं दूध, दुसरं काही नाही.

इकडे जून आला. सोमवारी शाळा उघडणार. प्रणोतीने वाढवून घेतलेली रजा संपली. आणखी मागितली तर तिच्या जागी दुसरी बाई घेतील, असं शाळेने गोड आवाजात सांगितलं होतं. ती सकाळी जाणार, दुपार कलल्यावर येणार. तोवर चिनूने काय खायचं? कोणाच्या हातचं?

मधली जाळी

शनिवारी शैलजाने मला माळ्यावरून काढलं. धुतलं, पुसलं, बारीक जाळी बसवली. सुमेध याच्यावरच वाढला, ही पण खाईल, असं तिचं म्हणणं होतं.

प्रणोती दमलेली होती. ती म्हणाली की डॉक्टर जाडसर द्या म्हणतात आणि तुम्ही पुन्हा बारीकच करून राहिल्या. आणि मग, न थांबता, हेही म्हणाली की चार महिन्यांच्या बाळाला भात भरवणं चूकच होतं, आता सगळे तेच सांगतात.

शैलजा मला पुन्हा पुसू लागली. मी तर कोरडाच होतो. पाण्याची बाटली भरायला आलेला सुमेध बाटली न भरताच उभा राहिला.

“मग मी याला चुकीचं वाढवलं का?” शैलजाने विचारलं. मोठ्याने नाही. मला विचारावं तसं.

प्रणोतीने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “नाही हो आई,” ती म्हणाली. “तुम्हाला डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्ही केलं. मीही तेच करून राहिले. उद्या चिनू मोठी होऊन मलाही हेच विचारेल.”

त्यानंतर दोघी मिळून लसूण सोलत बसल्या. तेवढ्या लसणाची त्या दिवशी गरज नव्हती.

मुरलीधरने पेपरची घडी घातली. रुमालातली जाड जाळी घेतली, माझ्या पोटातली बारीक काढली, आणि दोन्ही खिडकीशी धरून त्यांच्यातून बाहेर बघितलं. “ही फार बारीक. ही फार जाड,” तो म्हणाला. “चलो, मधली करतो.”

मागच्या गॅलरीत त्याचं हत्यारांचं टेबल आहे. स्टीलची चकती कापली, कंपासने वर्तुळं आखली, पंचने खुणा केल्या, आणि दुपारभर ड्रिल किंचाळत राहिलं. खालच्या भाभींनी वर येऊन विचारलं, भैया, घर बनवून राहिले का? प्रत्येक भोक त्याने कानशीने घासलं आणि त्यावर बोट फिरवून पाहिलं. शैलजा चहा ठेवता ठेवता म्हणाली की होळीला पुरण अडकतं म्हणून मी वर्षानुवर्षं सांगून राहिले, तेव्हा नाही सुचलं हे. मुरलीधरने चष्मा वर केला. “तेव्हा कोणी उपाशी नव्हतं,” म्हणाला.

रविवारी लाल भोपळा घालून मऊ खिचडी केली. जाळी उकळून घेतली. शैलजाने मूठ फिरवली. खाली पडलं ते पाणीही नव्हतं आणि गाठही नव्हती. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

चिनूने मान फिरवली.

शैलजाने चमचा दुसऱ्या बाजूने नेला. मान परत फिरली. प्रणोतीने भरवून पाहिलं. सुमेधने चमच्याचं विमान केलं, मग आगगाडी केली. तोंड बंद. मुरलीधर माझ्या जाळीकडे असा बघत होता, जणू भोकांचं माप त्याचंच चुकलं.

प्रणोतीने चमचा ठेवला. मी शाळेत फोन करते, म्हणाली. उद्या येत नाही म्हणून सांगते. मग तिची जागा जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, ती फोन शोधत होती.

चिनू आजीच्या मांडीवर ताठ बसली होती. मी तिच्यासमोर ताटात उभा होतो. माझ्या जाळीखाली खिचडीचे पिवळे, मऊ धागे लोंबत होते, अर्धवट बाहेर आलेले. तिने हात पुढे केला. आधी पूर्ण पंजा, तो माझ्या पायावर आपटला. मग अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. एक धागा तिने ओढून काढला. त्याच्याकडे बघितलं. तोंडात घातला.

शैलजाने मांडी हलू दिली नाही.

फोन हातात घेऊन वळलेल्या प्रणोतीला दुसरा धागा जाताना दिसला. हा मोठा होता. चिनूला उबळ आली. तोच लाल चेहरा, तेच डोळ्यांतलं पाणी. प्रणोती झेपावली, आणि शैलजाने तिचं मनगट धरलं.

“थांब गं,” ती म्हणाली. “तिला करू दे.”

चिनूच्या जिभेने घास पुढे आणला. हिरड्यांनी तो दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. आणि गिळला. मग तिने माझ्या पोटाखाली हात घातला, तिथे काहीच लोंबत नाही हे तिला कळलं, आणि तिने माझ्या पायावर जोराने थाप मारली.

शैलजाने मूठ अर्धा फेरा फिरवली. नवे धागे आले.

ते जेवण खूप वेळ चाललं. पोटात गेलं तेवढंच फरशीवर पडलं, आजीच्या लुगड्यावर पडलं, आजोबांच्या चष्म्यावरही गेलं. फोन केव्हा ओट्यावर ठेवला गेला ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी प्रणोती पर्स घेऊन दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. चिनूने एकदाही मान वर केली नाही. तिचं तोंड भरलेलं होतं.

जाळी काढून

आता माझ्यात एकही जाळी नाही. जे घालाल ते सरळ खाली पडतं, म्हणून सरळच बोलतो.

चिनूला दात आलेत. ती पोळीचा तुकडा मोडून वरणात बुडवते आणि अर्धा आजीच्या तोंडात कोंबते. तिला माझी गरज उरलेली नाही. मला धुऊन उन्हात उपडं ठेवलंय, आणि संध्याकाळी मी माळ्यावर जाईन. वाईट वाटतं, मित्रांनो. सुमेधच्या वेळीही वाटलं होतं. पण चावायला शिकलेल्या बाळाचं तोंड ज्याने इतक्या जवळून पाहिलंय, त्याला वाईट वाटत बसणं फार वेळ जमत नाही.

माझी विनंती छोटीशी आहे. मला नीट कोरडं करा आणि तिन्ही जाळ्या एकाच रुमालात बांधून ठेवा. कोणी म्हणेल बारीक आता जुनी झाली, टाका. कोणी म्हणेल जाड धोक्याची, टाका. मधलीलाही उद्या कोणीतरी नावं ठेवेल. सगळ्यांचं ऐकून घ्या, त्यांना चहा द्या, आणि रुमालाची गाठ पक्की मारा. पुढचं बाळ येईल तेव्हा जाळ्या त्याच्यासमोर मांडा, आणि थोडा वेळ गप्प बसून त्याच्या बोटांकडे बघा.