बांधापलीकडचं पाणी

मी फेल गेलेला बोर बोलतोय. घाबरू नका, रडगाणं गाणार नाही. गायलो तरी इथं ऐकायला कोण आहे?

इच्छापूरजवळच्या शेतात भाईदासनं मला खोदलं. शेजारचं शेत त्याच्या थोरल्या भावाचं, निंबाचं. वाटणीत दोघांचं बिनसलं आणि बोलणंच तुटलं. निंबाच्या बोरला पाणी लागलं, म्हणून भाईदासनंही इरेला पेटून मशीन आणलं. माझ्यातून नुसता भुगा उडाला. आणलेला नारळ त्यानं न फोडताच घरी नेला आणि माझ्या तोंडावर दगड ठेवला. पुढं कित्येक वर्षं माझ्याकडे फिरकला तो एक सरडा.

मग त्याची बायको मालूबाई खकनार गावच्या एका बैठकीत पाणी जिरवण्याबद्दल काहीतरी ऐकून आली. तिनं माझ्याभोवती खड्डा खणवला, माझ्यातल्या पाइपाला छिद्रं पाडून घेतली, गोटे, गिट्टी, वाळू भरली. पावसाळ्यात शेतातलं पाणी गाळून माझ्यात उतरू लागलं. काय सांगू! मी तुडुंब भरलो. वाटलं, आता हे माझं.

पण माझ्या पोटातला खडक एकसारखा नाही. वर-खाली काळा, ठणठणीत. मध्येच तांबडा, भोकाभोकांचा थर. काही भोकं एकमेकांना लागून, काही जन्माची बंद. पाणी त्यातून चाचपत जातं. रुंद वाट मिळाली की पळतं, केसाएवढ्या फटीत अडून बसतं. आणि तो थर निंबाच्या शेताकडे उतरता. थेंबाथेंबानं सगळं तिकडे गेलं. मी पुन्हा कोरडा, पुन्हा एकटा.

दर उन्हाळ्यात निंबाचा बोर धापा टाकायचा, केळी माना टाकायची. यंदा मोटर दिवसभर चालली. ‘इच्छादेवीची कृपा,’ असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मला कोरडा बघून भाईदासच्या मात्र सारं लक्षात आलं.

“आपलं पाणी त्याच्या केळीले जाऊन राह्यलं!”

“मग?” मालूबाई हसली. “बांध तर वरतीच घातला ना तुम्ही दोघायनं. खाली कोन गेलतं घालाले?”

त्याला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सिमेंटचं पोतं घेऊन मला बुजवायला आला. मी गेलो की पुढच्या उन्हाळ्यात निंबाची केळी वाळणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला तर धडकीच भरली.

तेवढ्यात निंबा बांधावर आला.

“भाई, बोर बुजवतो का रे?”

इतक्या वर्षांनी पहिला शब्द! भाईदासनं घडांनी वाकलेल्या केळीकडे बघितलं.

“नाही. गाळ काढाले आलो,” तो म्हणाला, आणि पोतं बाजूला सारून खरंच वाळू उपसायला बसला. निंबा “बरं” म्हणून निघून गेला.

एवढंच बोलणं झालं. दोघं पुन्हा गप्प आहेत. मीही कोरडाच, पावसाची वाट बघत.

निंबाभाऊ, तुझी मोटर मला इथून ऐकू येते. एकदा तरी बांधापाशी ये आणि धाकट्याला तांब्याभर पाणी विचार. त्यानं ते अजून चाखलेलंही नाही.